मधल्या फळीत पळणारा हवा की खेळणारा?

तुम्ही लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. १५ वर्षांखालच्या फुटबॉल संघात मधल्या फळीतली एकच जागा शिल्लक आहे आणि दावेदार दोन. पहिला मुलगा अख्खी मॅच जिवाच्या आकांताने पळतो, पण चेंडू पायात आला की गांगरतो. दुसऱ्याच्या पायाला चेंडू चिकटून राहतो, दोन जणांच्या मधून अलगद पास काढतो, पण चेंडू हिरावला गेला की कमरेवर हात ठेवून बघत उभा राहतो. पालकांमध्ये आणि दोन कोचमध्ये यावरून वाद पेटला आहे. मेहनतीला जागा द्यायची की उपजत गुणवत्तेला?

मी २२ वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवतोय आणि एवढ्या काळात या प्रश्नाचं माझं उत्तर दोनदा बदललंय. पहिली सात-आठ वर्षं मी डोळे झाकून पळणाऱ्याची बाजू घ्यायचो, कारण मी स्वतः तसलाच खेळाडू होतो. पायात फारसं काही नव्हतं, दम मात्र मुबलक. नंतर कलाकारांच्या प्रेमात पडलो. दोन्ही वेळा चांगली मुलं हातची घालवली. आता मला असं दिसतं की पहिल्या मुलात तुम्ही जिला मेहनत म्हणताय तिच्यात बराच भाग उशिरा सुचण्याचा आहे, आणि दुसऱ्यात जिला गुणवत्ता म्हणताय तिच्यात बराच भाग लहानपणापासूनच्या सरावाचा आहे. ते कसं, ते सांगतो. कोणाला घ्या तेही शेवटी सांगतो, टाळाटाळ करणार नाही.

आधी हिशेब बघू. वरच्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, एका मॅचमध्ये साधारण ११ ते १२ किलोमीटर अंतर कापतो. बहुतेक संघांत सगळ्यात जास्त अंतर त्याचंच असतं. आणि चेंडू प्रत्यक्ष त्याच्या पायात किती वेळ असतो? जेमतेम दोन-तीन मिनिटं. म्हणजे गुणवत्ता म्हणून ज्याला टाळ्या पडतात तो पहिला टच, तो वळसा, तो चाळीस मीटरचा पास, हे सगळं त्या दोन-तीन मिनिटांत उरकतं. बाकीचा वेळ चेंडू दुसऱ्या कोणाकडे तरी असतो. पण तो सगळा वेळ 'मेहनतीचा' असंही समजू नका. त्या ११ किलोमीटरमध्ये चालणं आणि हलकं जॉगिंगच जास्त असतं. खरं जोरात पळणं एकूण अंतराच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की तो दहावा हिस्सा त्याने कुठे आणि कधी खर्च केला.

याचा धडा मला एका मुलाने दिला. आमच्याकडे पहिल्यांदा जीपीएसची जॅकेटं आली तेव्हाची गोष्ट. दोन खांद्यांच्या मधे छोटं यंत्र बसवलेली ती बनियनसारखी जॅकेटं. मॅच संपली की आम्ही लहान मुलांच्या उत्साहाने आकडे बघत बसायचो. आमचा एक मिडफिल्डर दर वेळी यादीत पहिला. किलोमीटरही त्याचे जास्त, स्प्रिंटही त्याच्याच जास्त. फळ्यावर त्याचं नाव लिहायचो, बाकीच्यांना त्याचा कित्ता गिरवायला सांगायचो. आणि मॅच हरायचो, तीही मधून. विरुद्ध संघ नेमका त्याच्याच भागातून आरपार निघून जायचा.

शेवटी एका रात्री व्हिडिओ घेऊन बसलो आणि एकच गोष्ट करत राहिलो. विरुद्ध संघाच्या खेळाडूच्या पायातून पास सुटला की व्हिडिओ थांबवायचा. त्या क्षणी आमचा पोरगा काय करतोय? उभा. टाचा जमिनीला टेकलेल्या, छाती थेट चेंडूकडे. चेंडू अर्ध्या वाटेवर गेला की हा सुटायचा, आणि सुटायचा तो सुसाट. हा पोचेपर्यंत चेंडू पुढच्या माणसाकडे गेलेला असायचा. मग पुन्हा सुसाट. वरातीमागून घोडं, फक्त घोडं जातिवंत होतं! आम्ही ज्या किलोमीटरचं कौतुक करत होतो ते त्याच्या उशिराचं भाडं होतं. जरा आधी निघाला असता तर त्यातलं निम्मं पळावंच लागलं नसतं.

पळणाऱ्यांच्या बाजूने वाद घालताना एनगोलो कांटेचं नाव हमखास निघतं, म्हणून तो इथेच घेतो. २०१५ मध्ये तो फ्रान्समधून इंग्लंडच्या लेस्टर क्लबला आला आणि २०१५-१६ मध्ये लेस्टर प्रीमियर लीग, म्हणजे तिथली अव्वल लीग, जिंकलं. पुढच्या मोसमात तो चेल्सीत गेला, तर चेल्सी जिंकलं. २०१८ मध्ये फ्रान्ससोबत विश्वचषक. लेस्टरच्या त्या मोसमात लीगमधले सर्वाधिक टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू हिसकावणं, त्याच्या नावावर होते. याला तीन फुप्फुसं आहेत असं लोक गमतीने म्हणायचे. पण कांटेचा व्हिडिओ मी वर सांगितला तसा थांबवून थांबवून बघा. समोरच्याचा पास सुटतो त्या क्षणी कांटे आधीच दोन पावलं हललेला असतो. शरीर तिरपं, एक खांदा चेंडूकडे, दुसरा त्या जागेकडे जिथे चेंडू जाणार आहे. त्याचं पळणं आपल्याला दिसतं. त्याआधीचं वाचणं दिसत नाही, म्हणून आपण त्याला कष्टाळू म्हणून मोकळे होतो. आता सांगा, समोरच्याच्या कमरेच्या वळणावरून पास ओळखणं ही मेहनत की गुणवत्ता?

दुसऱ्या टोकाला सर्जिओ बुस्केट्स. त्याला कोणी वेगवान म्हणणार नाही, स्प्रिंट मारताना तर तो क्वचितच दिसायचा. तरीही बार्सिलोनाच्या आणि २०१० च्या विश्वविजेत्या स्पेनच्या मधल्या फळीचा तो खांब होता. कांटे आणि बुस्केट्स दिसायला दोन वेगळ्या ग्रहांवरचे, पण दोघांचं मूळ काम एकच: पुढचा चेंडू कुठे पडणार हे आधी कळणं. एक तिथे पळत पोचतो, दुसरा तिथे आधीपासून उभा असतो.

आता दमाबद्दल. पळणं म्हणजे निव्वळ इच्छाशक्ती, कुणीही मनावर घेतलं की पळू शकतो, असा एक गोड गैरसमज कोच मंडळींत आहे. तो मुलांवर अन्याय करतो. यो-यो टेस्ट घेणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलेलं असतं. बीपच्या तालावर २० मीटर जायचं, २० मीटर परत यायचं, दहा सेकंदांची विश्रांती, आणि वेग वाढत जातो. पहिल्या दिवशी काही मुलं बाकीच्यांपेक्षा कितीतरी पुढे जातात आणि त्यांनी त्यासाठी काहीही केलेलं नसतं. शिवाय सगळ्यांना सारखाच सराव दिला तरी एकाचा दम झपाट्याने वाढतो, दुसऱ्याचा मुंगीच्या पावलांनी. शरीर ऑक्सिजन किती वापरू शकतं यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. म्हणजे 'मेहनती' मुलाच्या मेहनतीतही आई-वडिलांकडून आलेली ठेव आहे. पायातल्या जादूला उपजत म्हणायचं आणि छातीतल्या दमाला कष्ट म्हणायचं, हा हिशेब चुकीचा आहे.

तसाच उलटा हिशेबही चुकतो. आपण ज्याला 'नजर' म्हणतो, अमक्याला पाठीलाही डोळे आहेत म्हणतो, ती नजर बहुतांशी मान वळवण्याची सवय असते. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी प्रीमियर लीगच्या खेळाडूंचं क्लोज-अप चित्रण घेऊन, चेंडू येण्याआधीच्या सेकंदांत कोण किती वेळा चेंडूवरून नजर काढून आजूबाजूला बघतो हे मोजलं. जास्त बघणाऱ्यांचे पास जास्त प्रमाणात पोचत होते, आणि सगळ्यात जास्त बघणाऱ्यांत फ्रँक लॅम्पार्ड होता. लॅम्पार्डला कोणी कधी जन्मजात कलाकार म्हटलं नाही. तरी चेल्सीसाठी मिडफिल्डमधून २११ गोल करून तो क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. योग्य वेळी योग्य जागी पोचणं हीच त्याची कला होती, आणि ती मान वळवून वळवून आलेली होती.

बार्सिलोना आणि स्पेनचा मिडफिल्डर शावी हर्नांडेझ घ्या. उंची १ मीटर ७० सेंटीमीटर, वेग बेताचा, ताकद बेताची. त्याला खेळताना बघताना चेंडू विसरून फक्त त्याच्या डोक्याकडे बघा. भुंग्यासारखं सतत फिरत असतं. गायकाला जसं आपण 'देवाने गळा दिलाय' म्हणतो आणि पहाटेचा रियाज विसरतो, तसंच शावीच्या पासचं झालं आहे.

एवढं सगळं झाल्यावर कोणी म्हणेल की मग कलाकाराची गरजच काय. गरज आहे, आणि तीही आकड्यांत न मावणारी. यासाठी एक मॅच सांगतो, जी मी दर मोसमात मुलांना दाखवतो.

२००६ चा विश्वचषक, उपांत्यपूर्व फेरी, बर्लिन, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. अर्जेंटिनाच्या मधोमध युआन रोमान रिकेल्मे. रिकेल्मे म्हणजे तुमचा दुसरा मुलगा मोठा झाल्यावर जसा दिसेल तसा: संथ, बेफिकीर वाटणारा, चेंडूच्या मागे धावण्याची जराही हौस नसलेला. पण चेंडू त्याच्याकडे गेला की तो गमावणं अवघड. पाऊल चेंडूवर, पाठ बचावपटूकडे, आणि बाकीच्या दहा जणांना श्वास घ्यायला वेळ. याच स्पर्धेत सर्बिया-माँटेनेग्रोविरुद्ध अर्जेंटिनाने २४ पासनंतर केलेला गोल आजही लोक काढून बघतात, आणि त्या विणकामाच्या मध्यभागी हाच होता.

बर्लिनमध्ये दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच रिकेल्मेच्या कॉर्नरवर बचावपटू आयालाने हेडर मारला, अर्जेंटिनाला १-० आघाडी. ७१ व्या मिनिटाला गोलरक्षक आबोंदानझिएरी जखमी होऊन बाहेर गेला, एक बदली तिथेच खर्ची पडली. लगेच पुढच्या मिनिटाला कोच पेकरमन यांनी रिकेल्मेला काढून कांबियासोला आणलं. विचार सरळ होता: आघाडी आहे, आता पळणारा, अडवणारा माणूस हवा. थोड्या वेळाने आघाडीपटू क्रेस्पोच्या जागी क्रूझ आला आणि तेव्हा मिळणाऱ्या तिन्ही बदल्या संपल्या. १९ वर्षांचा मेस्सी बाकावरच राहिला. ८० व्या मिनिटाला जर्मनीच्या क्लोजाने बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये जर्मनी जिंकलं.

मी पेकरमनना मूर्ख म्हणणार नाही. कांबियासो उत्तम खेळाडू होता, तो २४ पासवाला गोल शेवटी त्यानेच मारला होता. पण रिकेल्मे गेल्यानंतरची मिनिटं बघताना मुलांना मी विचारतो, आता अर्जेंटिनाचे खेळाडू जास्त पळताहेत की कमी? जास्त, उघडच आहे. का? कारण चेंडू टिकवून ठेवणारा माणूसच बाहेर बसलाय. चेंडू तुमच्याकडे नसला की पळावंच लागतं. त्यामुळे एखाद्या संघाने जास्त किलोमीटर कापले एवढ्यावरून तो जास्त कष्टाळू ठरत नाही. कित्येकदा त्याने फक्त चेंडू नीट सांभाळलेला नसतो. रिकेल्मे स्वतः कमी पळायचा आणि बाकी दहा जणांचं पळणं वाचवायचा. हा हिशेब कुठल्याही जॅकेटात येत नाही.

अर्थात रिकेल्मेसारखे खेळाडू आता वरच्या पातळीवर जवळजवळ दिसत नाहीत हेही खरं. प्रेसिंग, म्हणजे चेंडू असलेल्याच्या अंगावर जाऊन दबाव टाकणं, आता पहिल्या आघाडीपटूपासून सुरू होतं. एक जण उभा राहिला तर समोरचा संघ त्याच्याच बाजूने सुटतो. म्हणून तुमच्या दुसऱ्या मुलाला 'तू रिकेल्मे आहेस' असं चुकूनही सांगू नका. लाड केल्यासारखं होईल आणि १८ व्या वर्षी त्याला कोणी दारात उभं करणार नाही.

कलाकाराच्या बाजूने एवढं बोललो, आता अडवणाऱ्याच्या बाजूचं. २००३ च्या उन्हाळ्यात रिआल माद्रिदने बेकहॅमला आणलं आणि क्लोद माकेलेलेला चेल्सीला विकलं. माकेलेले सहसा दहा मीटरपेक्षा लांब पास देत नसे, गोल तर जवळपास नाहीच. पुढची लीग जिंकायला रिआलला २००७ उजाडलं, घरात झिदान, रोनाल्डो, फिगो, बेकहॅम असताना. आणि चेल्सीने २००४-०५ च्या पूर्ण लीग मोसमात, ३८ मॅचमध्ये, फक्त १५ गोल खाल्ले. सगळं श्रेय किंवा खापर एका माणसावर टाकणं बरोबर नाही, तिकडे गोलरक्षक चेक आणि बचावपटू टेरी होते, कोच मोरिन्यो होते. तरी मधल्या फळीत झाडू मारणारा माणूस काढून घेतला की सोन्याच्या मूर्तींनाही धूळ लागते, एवढं त्यातून दिसलं.

यातून माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट निघते ती जोडीची. एसी मिलानमध्ये कार्लो आंचेलोत्ती यांनी आंद्रेआ पिर्लोला बचावफळीच्या पुढे, खोलवर खेळवलं. पिर्लो मुळात पुढे, आघाडीपटूंच्या मागे खेळणारा. पण तिथे वेळ कमी आणि अंगावर येणारे जास्त. मागे आणल्यावर त्याला समोर सगळं मैदान दिसू लागलं. आणि त्याच्या बाजूला जेन्नारो गात्तुसो, जो स्वतःच्या पायांबद्दल कधी भ्रमात नव्हता. चेंडू हिसकावायचा आणि पिर्लोला द्यायचा. २००३ आणि २००७ च्या चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा), आणि दोघं मिळून इटलीकडून २००६ चा विश्वचषक. गात्तुसोशिवायचा पिर्लो आणि पिर्लोशिवायचा गात्तुसो, दोघांचीही किंमत कमी झाली असती.

याच पिर्लोला २०१० मध्ये गप्प कोणी केलं? पार्क जी-सुंगने. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत मँचेस्टर युनायटेडने पार्कला नेहमीच्या कडेवरून काढून मधोमध आणलं आणि एकच काम दिलं: पिर्लोची सावली व्हायचं. ओल्ड ट्रॅफर्डवरची दुसरी मॅच युनायटेड ४-० ने जिंकलं, वर पार्कने स्वतः एक गोल मारला. पळणाऱ्याने कलाकाराला हरवलं असा निष्कर्ष यातून सहज काढता येतो. पण पार्क पिर्लोच्या मागे वेड्यासारखा धावत नव्हता. तो चेंडू आणि पिर्लो यांच्या मधल्या वाटेवर उभा राहायचा, म्हणजे मिलानच्या बचावपटूंना तो पास द्यायची इच्छाच होऊ नये. अशी सावली व्हायला दम लागतो, आणि दमापेक्षा जास्त संयम.

आता तुमच्या दुसऱ्या मुलाबद्दल, कारण माझी सगळ्यात मोठी चूक अशाच एका मुलाच्या बाबतीत झाली. १४ वर्षांचा होता, पायात मध, आणि चेंडू गेला की पुतळा. दोन महिने ओरडलो, मग त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलं की याच्यात वृत्तीच नाही. ते काही बोलले नाहीत, मान हलवली आणि मुलाची बॅग उचलून गेले. वर्षभराने तोच मुलगा दुसऱ्या एका संघातून आमच्याविरुद्ध खेळला आणि चेंडू गेल्या गेल्या आमच्या मुलांच्या अंगावर येत होता. मॅच संपल्यावर त्यांच्या कोचला विचारलं, काय केलंत याला? ते हसले. म्हणाले, त्याला सांगितलं की चेंडू गेला की पाच सेकंद, फक्त पाच, सगळ्यात जवळच्या माणसावर जा. नाही मिळाला तर सोड आणि या या जागी येऊन उभा राहा. बोटाने जागा दाखवली. बस्स.

मग डोक्यात प्रकाश पडला. तो मुलगा आठव्या वर्षापासून संघातला सगळ्यात चांगला. प्रत्येक कोचने त्याला सांगितलेलं की तू चेंडू घे, बाकीचं आम्ही बघतो. चेंडू नसताना काय करायचं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याला कुठे जायचं ते माहीत नव्हतं, म्हणून तो उभा राहायचा. मी त्याला आळस म्हटलं.

तेव्हापासून उभा राहणारा मुलगा दिसला की मी आधी कारण शोधतो. काहींना दम नसतो, पहिली २० मिनिटं ठीक पळतात आणि मग उभे राहतात. ते फिटनेसचं काम, तीन-चार महिन्यांत फरक पडतो. काहींना कुठे जायचं ते कळत नाही, ते पहिल्या मिनिटापासून उभे असतात, पण नजर भिरभिरती, अस्वस्थ. ते शिकवण्याचं काम, सगळ्यात सोपं. आणि काहींना खरंच जायचं नसतं. चेंडू गेल्यावर ते सहकाऱ्याकडे हात पसरतात, पास असा का दिलास म्हणून. हा तिसरा प्रकार अवघड, पण माझ्या अनुभवात तो फार थोडा आहे. आपण सगळ्यांनाच त्यात ढकलतो, कारण ते आपल्याला सोपं जातं.

वयाचं एक भान ठेवा. १४-१५ व्या वर्षी मुलांची शरीरं सारखी नसतात. एकाला मिशी फुटलेली असते, दुसऱ्याचा आवाजही बदललेला नसतो. आज जो 'इंजिन' वाटतो तो कदाचित फक्त वर्षभर आधी वाढलेला मुलगा असेल. वयोगटाच्या वर्षात आधी जन्मलेली मुलं अकादम्यांमध्ये प्रमाणाबाहेर जास्त भरलेली असतात, हे अनेक देशांत दिसून आलंय. क्रोएशियाच्या लुका मोद्रिचला लहानपणी तिथल्या हायदुक स्प्लिट क्लबने लहानखुरा, नाजूक म्हणून घेतलं नाही. हाच मोद्रिच २०१८ च्या विश्वचषकात, ३२ व्या वर्षी, सलग तीन बाद फेरीच्या मॅच अतिरिक्त वेळेपर्यंत खेळून क्रोएशियाला अंतिम फेरीत घेऊन गेला आणि त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूचा बलॉन द'ओर त्याला मिळाला. (त्याच संघात मार्सेलो ब्रोझोविच होता, ज्याने पुढे २०२२ मध्ये जपानविरुद्ध १२० मिनिटांत १६ किलोमीटरहून जास्त अंतर कापलं. पुन्हा जोडीच!) कांटेलाही लहान चणीमुळे मोठ्या अकादम्यांनी विचारलं नव्हतं. दम आणि ताकद उशिरा येऊ शकते. १५ व्या वर्षी मान वळवण्याची सवय नसेल तर ती नंतर लागते, पण फार चिकाटीने.

तर प्रत्यक्ष काय कराल? पुढच्या मॅचला गोलच्या मागे किंवा उंचावर उभे राहा आणि पहिली १५ मिनिटं फक्त पहिल्या मुलाकडे बघा, पुढची १५ फक्त दुसऱ्याकडे. चेंडूकडे बघायचं नाही. हे वाटतं त्यापेक्षा कठीण आहे, मान आपोआप चेंडूकडे वळते. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी त्याने किती वेळा खांद्यावरून मागे पाहिलं, याच्या कागदावर रेघा मारा. चेंडू गमावल्यावर पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडलं ते लिहा. आणि चेंडू मैदानाच्या पलीकडच्या कडेला असताना तो काय करतो ते बघा. मला सगळ्यात जास्त सांगून जाते ती हीच शेवटची गोष्ट. तिथे टाळी मिळत नाही, कोच ओरडत नाही. काही मुलं तेव्हा मोज्यांशी खेळतात. काही मुलं दोन-दोन पावलं सरकत असतात, जशी बाकीच्यांची साखळी सरकते.

सरावात एक साधा बदल करून बघा. रोंडो (वर्तुळात उभं राहून, मधल्या एक-दोघांना चेंडू मिळू न देता पास खेळायचा सराव) खेळवताना वर्तुळाच्या बाहेर, चेंडू घेणाऱ्याच्या पाठीमागे एक माणूस उभा करा. पास वाटेत असताना त्याने बोटं वर करायची, दोन, तीन, चार. घेणाऱ्याने चेंडूला पाय लावायच्या आधी आकडा ओरडायचा. पहिल्या आठवड्यात गोंधळ उडतो, टच बिघडतात, मुलं वैतागतात. तीन-चार आठवड्यांत ज्यांच्यात आहे त्यांचं डोकं फिरायला लागतं. तुमचा गांगरणारा मुलगा यात सुधारला तर समजा तो पायांमुळे गांगरत नव्हता. चेंडू आल्यावर काय करायचं ते चेंडू आल्यावर ठरवत होता, म्हणून गांगरत होता. माझ्याकडच्या बऱ्याच 'पाय नसलेल्या' मुलांचे पाय बरे निघाले.

राहिला निकाल. जागा एक आणि मुलं दोन असं तुम्ही लिहिलंत, पण मधल्या फळीतले बाकीचे दोघे कोण आहेत ते लिहिलंच नाही, आणि माझं उत्तर त्यांच्यावर अवलंबून आहे. ते दोघे पळणारे, अडवणारे असतील तर डोळे झाकून दुसऱ्याला घ्या, पाच सेकंदांचा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि चेंडू गेल्यावर उभं राहायची जागा बोटाने दाखवा. दोघांपैकी एक जरी आधीच चेंडू खेळवणारा असेल तर पहिल्याला घ्या, त्याला त्या खेळवणाऱ्याच्या बाजूला ठेवा आणि सांगा की हिसकावलेला चेंडू दोन टचमध्ये त्याला द्यायचा, बाकी काही करायचं नाही. काहीच माहीत नसताना, फक्त तुमच्या वर्णनावरून निवड करायला लावलीत, तर १५ व्या वर्षी मी दुसऱ्याला घेईन. त्याच्याकडे कमी आहे ते मी महिन्याभरात शिकवू शकतो, पहिल्याकडे कमी आहे त्याला वर्ष लागेल.

आणि ज्याला घेणार नाही त्याला बाकावर बसवून विसरू नका. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये २०२२ पासून पाच बदल्यांचा नियम कायमचा झालाय, आणि तुमच्या वयोगटात बहुधा त्याहूनही मोकळीक असेल. शेवटची २५ मिनिटं, समोरचे थकलेले आणि ताज्या दमाचा पहिला मुलगा त्यांच्या अंगावर जाणारा, हे मी स्वतः अनेकदा करतो. फक्त ज्याला काढाल तो तुमचा चेंडू टिकवणारा एकटाच माणूस नाही ना, एवढं आधी बघा.